‘प्लॅग किती आला?’ विचारण्याआधी

सबमिशनच्या आठवड्यात ठाण्यातल्या काय नि नवी मुंबईतल्या काय, कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: ‘तुझा प्लॅग किती आला?’ प्लॅग म्हणजे प्लेजरिझम, वाङ्मयचौर्य; तपासणीच्या सॉफ्टवेअरने प्रोजेक्टला किती टक्के दिले, असा हा प्रश्न. बारा आला तर हुश्श, बत्तीस आला तर रात्रभर जागून शब्द बदलायचे. सॉफ्टवेअर जो आकडा देतं तो साम्याचा असतो, चोरीचा नसतो, हे या धावपळीत कुणाच्या लक्षातच राहत नाही. चोरी झाली की नाही हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, टिपणं काढताना. म्हणून इथे जास्त जागा टिपणांना दिली आहे. टक्क्यांचं काय करायचं तेही येईल.

आकडा नेमका कशाचा

टर्निटिन, ड्रिलबिट यांसारखी सॉफ्टवेअरं तुमच्या मजकुरातल्या शब्दांच्या साखळ्या घेतात आणि आपल्या साठ्याशी ताडून पाहतात. साठ्यात काय असतं? इंटरनेटवरची पानं, नियतकालिकांतले लेख आणि आधी कुणीतरी जमा केलेली कामं. जिथे साखळी जुळली तिथे रंग लागतो. एवढंच. ते वाक्य अवतरणात होतं का, शेजारी संदर्भ दिलाय का, ते कायद्याचं कलम आहे की कुणाचं मत, हे ठरवायचं काम माणसाचं.

त्यामुळे २८ टक्के येऊनही काम स्वच्छ असू शकतं. विधीच्या विद्यार्थ्याने कलमं जशीच्या तशी दिली, निकालांतले उतारे अवतरणात दिले, तर आकडा फुगणारच. उलट ४ टक्क्यांत सरळ चोरी असू शकते: दुसऱ्याच्या प्रबंधातलं गृहीतक आणि निष्कर्षाचा एक परिच्छेद उचलला, बाकी सगळं स्वतःचं. शंभर पानांत तेवढा मजकूर टक्क्यांत दिसतच नाही. वाचणाऱ्याला मात्र दिसतो.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम सगळ्यांना टक्क्यांपुरते माहीत असतात. प्रबंधाच्या बाबतीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देताच येत नाही. ६० च्या वर गेलं तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणी रद्द. संदर्भ देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण चिन्हं नि समीकरणं या मोजणीतून वगळायची असतात. सर्वज्ञात गोष्टी किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात.

याच नियमांतल्या व्याख्येकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका यांना हे नियम लागू होत नाहीत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे बीएमएसच्या किंवा इंजिनिअरिंगच्या ब्लॅक बुकला (पदवीच्या प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाला) यूजीसीचा तक्ता थेट लागत नाही. तुमच्या कॉलेजने किंवा विभागाने ठरवलेली मर्यादा लागते. कुठे १५ चालतात, कुठे २०, कुठे गाईड स्वतः वाचून ठरवतात. ही मर्यादा सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्या, आणि विचारताना दुसरा प्रश्नही जोडा: संदर्भसूची आणि अवतरणं वगळून, की धरून? एकाच फाइलचे या दोन पद्धतींनी दोन भलतेच आकडे येतात, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

संदर्भ कधी लागतो, कधी नाही

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. याला संदर्भ लागत नाही. कुठल्याही शालेय पुस्तकात ते सापडतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, यालाही नाही. पण रेल्वे आल्यावर खाडीतल्या गलबतांच्या वाहतुकीचं काय झालं, किंवा नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावांतले व्यवसाय कसे बदलले, हे लिहायला घेतलंत की तो दावा झाला. तो कुणीतरी पुरावे गोळा करून मांडलेला असतो, आणि त्या माणसाचं नाव येणं भाग आहे.

अदमासाची एक कसोटी उपयोगी पडते. ती गोष्ट तीन वेगवेगळ्या सामान्य पुस्तकांत कुठलाही संदर्भ न देता आली असेल, तर ती सर्वज्ञात समजायला हरकत नाही. शंका असेल तर संदर्भ द्या. जास्त संदर्भ दिले म्हणून कुणी नापास करत नाही.

इथे एक फसगत होते. माहिती सर्वांची असली तरी वाक्य सर्वांचं नसतं. पहिल्या रेल्वेबद्दल एखाद्या लेखकाने लिहिलेलं झकास वाक्य जसंच्या तसं घेतलंत, तर तारीख कितीही सर्वज्ञात असो, अवतरणचिन्ह आणि नाव लागणारच.

टिपणं: इथेच घोळ होतो

मुद्दाम चोरी करणारे विद्यार्थी असतात, पण कमी. बहुतेकांचं असं होतं: ऑगस्टमध्ये वीस लेख वाचले, बरी वाटलेली वाक्यं कॉपी करून एका वर्ड फाइलमध्ये टाकली, फाइलला नाव दिलं ‘लिट रिव्ह्यू’ (लिटरेचर रिव्ह्यू, विषयावरच्या आधीच्या लेखनाचा आढावा). फेब्रुवारीत ती फाइल उघडली. त्यातलं कुठलं वाक्य आपलं, कुठलं लेखकाचं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मग सगळंच आपलं म्हणून प्रकरणात जातं.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर आधी स्रोत लिहायचा: लेखक, साल, शीर्षक, पान. स्रोत लिहिल्याशिवाय एक शब्दही उतरवायचा नाही. त्याखालच्या प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण. शब्दशः घेतलेलं दुहेरी अवतरणचिन्हात, पानाच्या आकड्यासह. स्वतःच्या शब्दांत घेतलेला आशय असेल तर आधी ‘सा.’, म्हणजे सारांश. यालाही पान लिहायचं. आणि वाचताना सुचलेलं स्वतःचं काही असेल तर ‘मा.’, म्हणजे माझं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर (रोहित पक्ष्यांवर) प्रोजेक्ट करणाऱ्याचं एक टिपण साधारण असं दिसेल:

अहवाल, आडनाव, २०२१, पृ. १२
"सांडपाण्यातील नत्र व स्फुरद या पोषकद्रव्यांमुळे शेवाळाची वाढ मोठ्या प्रमाणावर होते" (पृ. १२)
सा. छोट्या रोहित पक्ष्यांचं मुख्य खाद्य शेवाळ (पृ. १२)
मा. मग पाणी स्वच्छ झालं तर पक्षी कमी होतील का? ऐरोलीच्या बाजूची माहिती बघणं.

शेवटची ओळ सगळ्यात किमती. पुढे प्रकरण लिहिताना हेच ‘मा.’ तुमचं म्हणणं होतं. ज्याच्या टिपणांत ‘मा.’ एकही नाही, त्याचं प्रकरण दुसऱ्यांच्या वाक्यांची माळ होणार हे तेव्हाच कळतं, सॉफ्टवेअर लागत नाही.

पुस्तक ग्रंथालयातलं असेल आणि घरी नेता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढले जातात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ पासूनच्या जुन्या संस्थेत दुर्मीळ पुस्तकं बसूनच वाचावी लागतात. फोटो काढण्याआधी तिथल्या ग्रंथपालांना विचारावं. परवानगी मिळाली तर फक्त हव्या त्या पानाचा फोटो काढून निघू नका. शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचाही काढा. प्रकाशक, आवृत्ती आणि साल तिथे असतं. मजकुराच्या पानाचा फोटो पानाच्या आकड्यासह पूर्ण चौकटीत यायला हवा. हे दोन जादा फोटो नसले की मार्चमध्ये एका सालासाठी पुन्हा सगळा खटाटोप करावा लागतो, आणि मग कंटाळून अंदाजाने साल टाकलं जातं.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे किती स्वतःच्या

हा भाग सर्वांत अवघड, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. समजा, वरच्या अहवालातलं पूर्ण वाक्य असं आहे (उदाहरणासाठी आम्हीच रचलेलं):

"ठाणे खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद या पोषकद्रव्यांमुळे शेवाळाची वाढ मोठ्या प्रमाणावर होते, परिणामी लहान रोहित पक्ष्यांना मुबलक खाद्य उपलब्ध होते."

विद्यार्थी ते असं बदलतो:

"ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या मैलापाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस या पोषक घटकांमुळे शैवाल खूप वाढते; त्यामुळे छोट्या फ्लेमिंगोंना भरपूर अन्न मिळते."

बरेचसे शब्द बदलले. सॉफ्टवेअरने कदाचित सोडूनही दिलं असतं. तरी हे उचललेलंच आहे, कारण वाक्याचा सांगाडा तोच: आधी सांडपाणी, मग दोन द्रव्यं, मग वाढ, मग परिणाम. लेखकाने विचार ज्या क्रमाने मांडला तो क्रम घेतला आणि वरचे कपडे बदलले. संदर्भ दिला तरी हे बरोबर होत नाही. संदर्भामुळे फक्त ‘आशय यांचा, वाक्य माझं’ असा दावा होतो, आणि वाक्य तुमचं नाहीच.

आता हे पाहा:

"छोटे फ्लेमिंगो प्रामुख्याने शेवाळावर जगतात. त्यामुळे ते या खाडीत का येतात हे विचारताना आधी इथे शेवाळ का माजते हे विचारावे लागते. अहवालाच्या मते याचे कारण शहराचे सांडपाणी आहे, त्यातील नत्र आणि स्फुरद शेवाळाला पोसतात (आडनाव, २०२१, पृ. १२). तसे असेल, तर प्रदूषण कमी करणे आणि पक्षी टिकवणे ही दोन उद्दिष्टे आपोआप एकाच दिशेला जातील असे गृहीत धरता येत नाही."

इथे सुरुवात पक्ष्यापासून झाली, कारण प्रोजेक्ट पक्ष्यावर आहे. अहवालाचं म्हणणं मधल्या एका वाक्यात आलं. शेवटचं वाक्य विद्यार्थ्याचं आहे, टिपणातल्या ‘मा.’ मधून आलेलं. कंस कुठे पडलाय तेही पाहा. ‘अहवालाच्या मते’ इथे उसनं सुरू होतं आणि कंसापाशी संपतं. हीच हद्द असते. पाच ओळींचा परिच्छेद लिहून अगदी शेवटी एक कंस टाकला, तर पाचपैकी किती ओळी कुणाच्या हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि संशयाचा फायदा तुम्हाला मिळेलच असं नाही.

असं लिहायचं कसं? मूळ परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा किंवा टॅब बंद करा. दहा मिनिटं दुसरं काही करा. मग शेजारी बसलेल्याला तो मुद्दा तोंडी सांगा. कुणी नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. जे बोललात ते लिहा. त्यानंतरच मूळ पुन्हा उघडा आणि दोन गोष्टी तपासा: आशय बिघडला नाही ना, आणि नकळत एखादा खास शब्दप्रयोग जसाच्या तसा आला नाही ना. आला असेल तर तेवढ्याला अवतरणचिन्ह. मूळ शेजारी उघडं ठेवून ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिता येत नाही. डोळा तिकडे जातोच.

पारिभाषिक शब्द मात्र बदलायचे नाहीत. ‘नमुना निवड’, ‘प्रमाण विचलन’, ‘रिस्पॉन्डंट’ हे कुणाच्या मालकीचे नाहीत. ते बदलून टक्के कमी करायच्या नादात शास्त्राचा खिमा होतो. आपोआप शब्द बदलणाऱ्या टूल्सनी तर कहर केला आहे. २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतून असे नमुने गोळा केले: ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’. टूलला अर्थ कळत नाही, आणि जमा करण्याआधी कुणी वाचलंही नाही हे त्यातून जगाला कळलं.

मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत

मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची एक खरी अडचण असते, आणि तिच्याकडे चोरी म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. मुद्दा कळलेला असतो, पण इंग्रजी वाक्य जमत नाही, म्हणून लेखकाचं वाक्य धरून त्यातले चार शब्द बदलले जातात. यावर उपाय म्हणजे मधला टप्पा मराठीत करणं. लेख वाचून झाला की मुद्दे मराठीत, तुटक, घरी बोलतो तसे लिहा. दुसऱ्या दिवशी फक्त त्या मराठी मुद्द्यांवरून इंग्रजी लिहा, छोट्या वाक्यांत. इंग्रजी साधं येईल. येऊ दे. चुका गाईड दुरुस्त करून देतील. उसनं लालित्य मात्र पहिल्याच पानावर उघडं पडतं, कारण ऋणनिर्देशातलं इंग्रजी आणि लिटरेचर रिव्ह्यूमधलं इंग्रजी एकाच माणसाचं वाटत नाही.

उलट दिशेचा प्रकार मराठी, इतिहास, राज्यशास्त्र या विषयांत चालतो. इंग्रजी लेख मराठीत उतरवायचा आणि आपला म्हणून द्यायचा. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा शून्य दाखवतं, कारण साखळीच जुळत नाही. तरी हे वाङ्मयचौर्यच. भाषांतरित उतारा द्यायचा असेल तर तो अवतरणात द्या, मूळ लेखक नि पान द्या आणि ‘भाषांतर माझे’ असं लिहा. नुसता आशय घेतला असेल तर नेहमीसारखा संदर्भ पुरतो.

मराठी टंकलेखनाचीही एक गोम आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आतून तो रोमन चिन्हांचा असतो. तपासणीत त्याचा अर्थच लागत नाही आणि अहवाल निरुपयोगी निघतो. डीटीपीवाल्याला आधीच सांगा: फाइल यूनिकोडमध्ये हवी.

सिनियरचं ब्लॅक बुक

ते व्हॉट्सअॅपवर येतंच. त्यातून काय घ्यायचं? प्रकरणांचा क्रम, समास, फॉन्ट, प्रमाणपत्राच्या पानाचा मजकूर. हे कॉलेजचंच असतं. उद्दिष्टं, गृहीतकं, प्रश्नावली, मर्यादा आणि शिफारशी घ्यायच्या नाहीत. प्रश्नावली आवडलीच असेल तर संदर्भ देऊन ‘च्या आधारे’ असं लिहून घेता येते; कोणते प्रश्न तसेच ठेवले, कोणते बदलले हेही सांगा.

सगळ्यात जास्त पकडले जातात ‘अभ्यासाच्या मर्यादा’. मर्यादा सगळ्यांच्या सारख्याच असतात असं वाटतं, म्हणून ते पान बिनधास्त चिकटवलं जातं. मग सर्वेक्षण नेरूळमध्ये, आणि मर्यादांमध्ये मात्र ‘घोडबंदर रोड परिसरातील ५० ग्राहकांपुरते मर्यादित’. नमुना शंभराचा, मर्यादा पन्नासाची. परीक्षक व्हायवाआधी (तोंडी परीक्षेआधी) नेमकी हीच दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून बघतात.

फाइल देणाराही सुटतो असं नाही. दोघांचं काम एकाच वर्षी साठ्यात गेलं तर दोघांच्या अहवालात एकमेकांची नावं येतात आणि कुणाचं आधीचं हे सिद्ध करत बसावं लागतं. मैत्रीखातर द्यायचंच असेल तर छापील प्रत दाखवा, वर्ड फाइल नको.

आणि स्वतःचंच जुनं काम? टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) केलेला प्रोजेक्ट एमकॉमला नाव बदलून पुन्हा देणं हीसुद्धा फसवणूक धरतात. स्वतःच्या मजकुराच्या अशा पुनर्वापराबद्दल यूजीसीने २०२० मध्ये वेगळी सूचना काढली होती. जुन्या कामावर पुढचं काम करायला हरकत नाही, पण तसं पहिल्या प्रकरणातच लिहा आणि गाईडना आधी सांगा.

संदर्भ लिहिण्याबद्दल थोडं

एपीए, एमएलए, आयईईई, व्हॅनकूव्हर यांपैकी कुठली पद्धत हे विभाग सांगतो. सांगितलेली एकच पद्धत शेवटपर्यंत पाळायची, बास. एपीएमध्ये ४० किंवा जास्त शब्दांचा उतारा अवतरणचिन्हांशिवाय, आत सरकवून, वेगळ्या परिच्छेदात देतात. इंजिनिअरिंगच्या आयईईईमध्ये चौकटी कंसात आकडे येतात. झोटेरो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पहिल्या लेखापासून वापरलं तर शेवटी सूची एका क्लिकवर तयार होते. मात्र गूगल स्कॉलरवरून उचललेली तयार नोंद डोळे मिटून घेऊ नका. पान गायब, साल चुकीचं, लेखकाच्या नावाची मोडतोड, हे नेहमीचं.

मराठी पुस्तकांसाठी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकावर शके असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा: शके १८१५ म्हणजे १८९३. पण पुस्तक पौष ते फाल्गुन या महिन्यांतलं असेल तर इंग्रजी वर्ष पालटलेलं असू शकतं आणि ७९ मिळवावे लागतात. पुनर्मुद्रण वापरलं असेल तर पहिल्या आवृत्तीचं साल आणि हातातल्या प्रतीचं साल दोन्ही द्या, पान हातातल्या प्रतीचंच. ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच पुस्तकात’) लिहिल्यावर मध्ये नवा परिच्छेद घातलात तर ते ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं; मसुदा पक्का होईपर्यंत पूर्ण संदर्भच ठेवा.

न वाचलेलं पुस्तक सूचीत टाकायचं नाही. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमधला उतारा तुम्हाला एखाद्या अलीकडच्या पुस्तकात सापडला, तर सूचीत अलीकडचं पुस्तक येईल आणि मजकुरात ‘गॅझेटिअर, १८८२, अमुक पुस्तकात उद्धृत’ असं. थेट गॅझेटिअरचा संदर्भ दिलात आणि मधल्या लेखकाने पान चुकवलं असेल, तर त्याची चूक तुमच्या नावावर लागते. तसंच ‘शोधगंगा’ हा संदर्भ नव्हे. तो प्रबंधांचा साठा आहे. प्रबंधाचा लेखक, विद्यापीठ, साल लिहायचं.

आणि ‘स्रोत: गूगल’ लिहिणं थांबवा. गूगल दाखवतं, लिहीत नाही. चित्राखाली ज्या संस्थेचं पान आहे तिचं नाव हवं. तक्ता जसाच्या तसा घेतला तर ‘स्रोत’, त्यातले आकडे घेऊन तुम्ही वेगळा आलेख काढला तर ‘च्या आधारे’. कॉपीराइट हा यापेक्षा वेगळा मामला आहे: भारतात पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो, पण नाव देण्याची जबाबदारी संपत नाही. गॅझेटिअर कुणालाही छापता येईल. स्वतःचं म्हणून देता येणार नाही.

एआयने लिहून दिलं तर

विभागाचा नियम विचारा, कारण कुठे भाषा सुधारायला परवानगी आहे, कुठे तेवढीही नाही. परवानगी असेल तर कशासाठी वापरलं ते लिहून द्या. धोका आहे तो संदर्भांचा. चॅटजीपीटीसारखी साधनं खरे वाटणारे पण अस्तित्वातच नसलेले लेख देतात: लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र त्याने कधी लिहिलाच नाही. प्रत्येक नोंद तपासा. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) त्याच्या संकेतस्थळावर टाकला की तोच लेख उघडायला हवा. दुसराच उघडला तर नोंद बनावट समजा. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हात घालून शोधा, आणि त्या नियतकालिकाच्या त्या अंकात ती पानं कुणाची आहेत ते बघा. एका नोंदीला पाच मिनिटं लागतात.

एआय ओळखणारी सॉफ्टवेअरं माणसाने लिहिलेल्यालाही कधी कधी एआय म्हणतात. यावर वाद घालून उपयोग नाही, पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून गूगल डॉक्समध्ये लिहा; कुठल्या दिवशी किती मजकूर वाढला ते तिथल्या आवृत्त्यांच्या इतिहासात दिसतं. तीन महिने रोज थोडं थोडं वाढलेलं प्रकरण आणि एका रात्रीत चिकटवलेलं प्रकरण तिथे वेगळं दिसतं.

अहवाल आला, ३८ टक्के, हातात तीन दिवस

घाबरून पहिल्या पानापासून शब्द बदलायला बसू नका. आधी स्रोतांची यादी बघा. ३८ टक्के साठ ठिकाणांहून अर्धा-एक टक्का करत आले असतील तर बराचसा भाग ठरावीक वाक्प्रयोगांचा असतो. दोनच स्रोतांतून पंधरा-पंधरा आले असतील तर ते गंभीर आहे, आणि तिथूनच सुरुवात करायची.

संदर्भसूची आणि अवतरणं वगळली गेली का ते तपासा. सूची वगळताना सॉफ्टवेअर शीर्षकावर जातं. ‘संदर्भसूची’ हे मराठी शीर्षक त्याने ओळखलं नसेल तर ग्रंथपालांना सांगून वगळून घ्या. अवतरणासाठी दुहेरी चिन्हं वापरा. मराठीत आपण सवयीने एकेरी टाकतो आणि ती बऱ्याचदा धरली जात नाहीत. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र यांवरचा रंग सोडून द्या.

उरलेल्या रंगीत भागाचे दोन गठ्ठे करा. जिथे वाक्य शब्दशः हवंच आहे तिथे चिन्ह आणि पान घाला. जिथे शब्द बदलून घेतलंय तिथे मूळ लेख पुन्हा वाचून वर सांगितल्याप्रमाणे नव्याने लिहा. एका दिवसात असे आठ-दहा परिच्छेद नीट होतात, त्याहून जास्त नाही. वेळ कमी पडला तर कापा. लिटरेचर रिव्ह्यूची चार उसनी पानं काढून टाकलेली बरी. ती जाऊन प्रकरण कमकुवत झालं असं क्वचितच दिसतं. पानांची अट असेल तर ती जागा स्वतःच्या सर्वेक्षणाच्या विश्लेषणाने भरा. तिथे उसनं घ्यायला काही नसतंच.

अक्षरं बदलणं, पांढऱ्या रंगात चिन्हं लपवणं, मजकुराचा फोटो चिकटवणं हे उद्योग करू नका. लपलेला मजकूर आणि दुसऱ्या लिपीतून आणलेली अक्षरं टर्निटिन वेगळी दाखवतं, आणि मग अजाणता झालं असं म्हणायची सोय उरत नाही. अनोळखी फुकट संकेतस्थळावरही प्रबंध चढवू नका. तिथे फाइलचं पुढे काय होतं ते कळत नाही. ती कुठल्या साठ्यात गेली तर अंतिम तपासणीत तुमचंच काम तुमच्याशी जुळून ९० टक्के येऊ शकतं. कॉलेजमध्ये मसुदा तपासून घेतानाही ‘साठ्यात जमा करू नका’ असं आधी सांगायचं, कारण एकदा जमा झालेलं काढायला अर्ज-विनंत्या कराव्या लागतात.

शेवटचा अहवाल आला की त्याची पीडीएफ, टिपणांची वही, फोटो आणि मसुदे एका फोल्डरमध्ये ठेवा. ब्लॅक बुक असेल तर निकाल लागेपर्यंत. पीएचडीचा प्रबंध असेल तर नंतरही जपून, कारण २०१८ च्या नियमांनुसार पदवी दिल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झालं तरी पदवी ठरावीक काळासाठी स्थगित ठेवता येते, आणि तेव्हा कोणता उतारा कुठून आला हे सांगायला ती वहीच लागते.